ब्लँकेटचा पॅटर्न इंग्रजीत आहे आणि डोक्यावरून जातोय? वाचू नका, मोजा

के५, *(के२टॉग) ३ वेळा, (वायओ, के१) ६ वेळा, (के२टॉग) ३ वेळा. *पासून शेवटचे ५ टाके उरेपर्यंत पुन्हा, के५.

बाळाच्या ब्लँकेटसाठी कुणीतरी व्हॉट्सॲपवर पाठवलेल्या पॅटर्नमधली ही तिसरी ओळ. पहिल्या दोन ओळी सोप्या असतात. तिसरीला मात्र वीसवीस वर्षं स्वेटर विणलेल्या बाईच्याही तोंडून ‘हे काऊन असं लिहिलं बाप्पा?’ निघतं आणि सुया बाजूला पडतात. बारसं तोंडावर असतं, लोकर आणून ठेवलेली असते आणि ‘मला इंग्रजी येत नाही म्हणून जमत नाही’ असं म्हणून ती लोकर कपाटात जाते.

खरं तर या ओळीत इंग्रजी जवळजवळ नाहीच. अक्षरं आहेत, आकडे आहेत, कंस आहेत. हे वाक्य नसून हिशेब आहे. किराण्याच्या यादीवर ‘सा. २, तू. १’ लिहिलेलं असलं तर आपण ते भाषा म्हणून वाचत नाही, तसंच हे.

अडचण येते ती सवयीमुळे. आपल्याकडे हातकाम शेजारी बसून शिकलं जातं. गोधडीचा पॅटर्न कुणी लिहून ठेवत नाही. जुनी लुगडी एकावर एक अंथरायची, कडेकडेने धावदोरा घालत मध्ये यायचं, बस. विणकामही अनेकींनी असंच आईच्या किंवा काकूच्या हाताकडे बघून उचललं. हात शिकला, पण कागद वाचायचा प्रसंग आला नाही. लिखित पॅटर्नमध्ये मात्र शेजारी कुणी नसतं, म्हणून लिहिणाऱ्याला प्रत्येक टाका नोंदवावा लागतो. तेही थोड्या जागेत, म्हणून संक्षेप.

चार संक्षेप, बाकी सगळं त्यांच्या पोटात

‘के’ म्हणजे सुलट टाका, ‘पी’ म्हणजे उलट टाका. के५ म्हणजे पाच टाके सुलट. ‘टॉग’ म्हणजे एकत्र, म्हणून के२टॉग म्हणजे दोन टाक्यांत सुई घालून त्यांचा एक सुलट टाका करणे. आपण याला ‘दोनाचा एक’ म्हणतो. ‘वायओ’ म्हणजे धागा सुईवरून एक वेढा घेणे. याने एक नवा टाका तयार होतो आणि पुढच्या ओळीत तिथे भोक दिसतं, म्हणून आपली ‘जाळी’. ब्रिटिश पॅटर्नमध्ये याच जाळीला ‘वायएफडब्ल्यूडी’, ‘वायआरएन’, ‘वायओएन’ अशी नावं असतात. धागा सुईच्या पुढून येतोय की मागून, एवढाच त्यांत फरक. शेवटी वेढा एकच पडतो.

आता ती ओळ मराठीत लिहू: ५ सुलट. मग [दोनाचा एक ३ वेळा, (जाळी, १ सुलट) ६ वेळा, दोनाचा एक ३ वेळा] हा गट पुन्हापुन्हा. शेवटी ५ सुलट.

इथे खरी युक्ती सुरू होते. प्रत्येक क्रियेला दोनच प्रश्न विचारायचे: डाव्या सुईवरचे किती टाके संपले आणि उजव्या सुईवर किती आले?

दोनाचा एक, ३ वेळा: ६ संपले, ३ आले. जाळी आणि १ सुलट, ६ वेळा: जाळीला जुना टाका लागत नाही, त्यामुळे ६ संपले आणि १२ आले. पुन्हा दोनाचा एक, ३ वेळा: ६ संपले, ३ आले. बेरीज करा. १८ संपले, १८ आले. म्हणजे हा गट १८ टाक्यांचा आहे आणि ओळ संपल्यावर टाके जितके होते तितकेच राहायला हवेत. ओळीचा अर्थ कळला की नाही, याची याहून चांगली परीक्षा नाही.

ही वीण शेटलंड बेटांवरची जुनी वीण आहे. तिला तिथे ‘ओल्ड शेल’ म्हणतात, बाहेर ती ‘फेदर अँड फॅन’ या नावानेही फिरते. चार ओळींत ती पूर्ण होते: पहिली ओळ सगळी सुलट, दुसरी उलट (दोन्ही कडांचे पाच-पाच सुलट ठेवून), तिसरी ही हिशेबाची आणि चौथी पुन्हा सुलट. एका जागी टाके आवळले जातात, शेजारी सैल सुटतात, त्यामुळे कापडावर लाटा उठतात. सुरुवातीची कडही वाकडी, लाटेसारखी दिसते. ती चूक नाही, उसवू नका.

चूक झाली तर आकडा सांगतो कुठे

समजा ६ गट आणि दोन्ही कडांना ५-५, म्हणून ६ गुणिले १८ अधिक १०, असे ११८ टाके घातले. सगळ्यात जास्त होणारी चूक म्हणजे ‘के२टॉग’मधला ‘टॉग’ डोळ्यांतून सुटतो आणि तिथे साधे दोन सुलट विणले जातात. मग १८ टाके संपतात पण २४ येतात. एका ओळीत ११८ चे १५४ होतात. गंमत अशी की १५४ मधून कडांचे १० वजा केले तर १४४ उरतात आणि त्यांना १८ ने नेमका भाग जातो! त्यामुळे पुढच्या वेळी तीच चूक केली तरी ओळ व्यवस्थित संपते, फक्त टाके २०२ होतात. आठ ओळी झाल्या तरी काही बिघडलंय हे हाताला जाणवत नाही, फक्त ब्लँकेट पंख्यासारखं पसरत जातं.

उलट बाजूची चूक म्हणजे जाळी विसरणे. मग प्रत्येक गटात १८ चे १२ होतात आणि ११८ चे ८२. म्हणजे टाके वाढले असतील तर ‘दोनाचा एक’ तपासा, कमी झाले असतील तर जाळी. प्रत्येक तिसऱ्या ओळीनंतर मोजायचं. कंटाळवाणं आहे, पण वीस ओळी उसवण्यापेक्षा बरं.

मोजायला सोपं व्हावं म्हणून प्रत्येक १८ टाक्यांनंतर वेगळ्या रंगाच्या दोऱ्याचं छोटं कडं सुईवर अडकवा. विकतची मार्कर नसली तरी चालतं. एका सुईवरून दुसऱ्या सुईवर ते नुसतं सरकवत न्यायचं. मग ११८ मोजावे लागत नाहीत, दोन कड्यांमधले १८ पुरेत आणि चूक कोणत्या गटात आहे तेही लगेच सापडतं.

हाच हिशेब टाके घालायच्या आधीही करता येतो. पॅटर्नच्या डोक्यावर ‘मल्टिपल ऑफ १८ प्लस १०’ असं काही लिहिलेलं असतं. याचा अर्थ १८ च्या पाढ्यातला आकडा अधिक १०. पॅटर्न १२० टाके घालायला सांगत असेल तर १० वजा करून ११० उरतात, त्याला १८ ने भाग जात नाही. म्हणजे छापण्यातच चूक आहे आणि ती तुम्ही एकही टाका न घालता पकडलीत. ब्लँकेट रुंद हवं असेल तर १८ ने वाढवायचं, ११८ चे १३६. ‘दहाएक टाके जास्त घालते’ हे इथे चालत नाही.

न दिसणारे खड्डे

‘राइट साइड’ म्हणजे उजवी बाजू नव्हे, वर दिसणारी चांगली बाजू. ‘राँग साइड’ म्हणजे मागची बाजू. पॅटर्नमध्ये ती ‘आरएस’ आणि ‘डब्ल्यूएस’ अशी येतात.

‘रिपीट ३ टाइम्स’ आणि ‘रिपीट ३ मोअर टाइम्स’ यांत एका फेरीचा फरक आहे. दुसऱ्यात आधी एकदा विणलेलं धरून एकूण चार होतात. पहिल्याबद्दल लिहिणारेही एकमत नाहीत, तिथे टाक्यांची बेरीज करूनच ठरवावं. कंसानंतर ‘३ वेळा’ असेल तर मात्र एकूण तीनच.

चौकटींचा तक्ता दिला असेल तर तो खालून वर चढतो. सुलट बाजूच्या ओळी उजवीकडून डावीकडे वाचायच्या, मागच्या बाजूच्या डावीकडून उजवीकडे. चमत्कारिक वाटेल, पण सुया हातात धरून पाहा, विणकामही तसंच चालतं.

सुयांच्या क्रमांकात तर पुरता गोंधळ आहे. आपल्याकडे दुकानात सुया मागतात त्या जुन्या ब्रिटिश क्रमांकाने आणि त्यात आकडा वाढला की सुई बारीक होते. अमेरिकन पद्धतीत आकडा वाढला की सुई जाड होते. आपली ८ नंबरची सुई ४ मिलिमीटरची, अमेरिकेची ८ नंबरची ५ मिलिमीटरची. अमेरिकन पॅटर्नमधली ८ हवी असेल तर इथे ६ नंबर मागावा लागेल. त्यापेक्षा मिलिमीटरच बघावेत.

कारण यावर रुंदी ठरते. पॅटर्न सांगतो की १० सेंटिमीटरमध्ये १८ टाके बसायला हवेत, मग ११८ टाक्यांचे साडेपासष्ट सेंटिमीटर होतात. तुमची सुई बारीक असेल किंवा हात घट्ट असेल आणि १० सेंटिमीटरमध्ये २२ टाके बसत असतील, तर तेच ११८ टाके ५४ सेंटिमीटरही भरत नाहीत. टाके बरोबर, वीण बरोबर, तरी बाळाचे पाय बाहेर. म्हणून आधी तळहाताएवढा नमुना विणून, पट्टी ठेवून मोजायचा. अनेक हातांनी मिळून काम करायचं तर हे माप सोडून चालतच नाही. ‘मदर इंडियाज क्रोशे क्वीन्स’ या गटाने ३१ जानेवारी २०१६ रोजी चेन्नईत ११,१४८.५ चौरस मीटरचं क्रोशाचं ब्लँकेट मांडून गिनीज विक्रम केला. वेगवेगळ्या बायकांनी आपापल्या घरी विणलेले तुकडे एकमेकांना जोडले गेले, ते माप एक होतं म्हणूनच.

लोकर किती?

पॅटर्न यार्डात सांगतो, दुकानदार ग्रॅममध्ये देतो. एक यार्ड म्हणजे ०.९१४ मीटर, त्यामुळे ८०० यार्ड म्हणजे साधारण ७३० मीटर. गुंडीच्या लेबलवर १०० ग्रॅममध्ये २०० मीटर लिहिलं असेल तर चार गुंड्या.

लेबलवर मीटर नसतील तर नमुन्यावरून अंदाज काढता येतो. १५ बाय १५ सेंटिमीटरचा नमुना ८ ग्रॅम भरला आणि ब्लँकेट ६६ बाय ९० चं हवं असेल, तर ते क्षेत्रफळ नमुन्याच्या २६.४ पट आहे, म्हणजे सुमारे २११ ग्रॅम. दहा टक्के वाढवून धरा. पण वजनात एका ग्रॅमची चूक झाली तर शेवटी २६ ग्रॅमचा फरक पडतो, त्यामुळे भाजीचा काटा कामाचा नाही. ओळखीचा सराफ असेल तर त्याच्या काट्यावर ठेवा, हसला तर हसू द्या.

तुम्ही चांदूर रेल्वेला राहत असाल आणि लोकर अमरावतीहून आणली असेल, तर हा अंदाज थोडा वरचाच धरा. प्रश्न फक्त गाडीभाड्याचा नाही. लेबलवर रंगाच्या क्रमांकासोबत लॉट क्रमांक असतो. एकाच रंगाचे दोन वेगळे लॉट दुकानातल्या दिव्याखाली सारखे दिसतात आणि अंगणातल्या उन्हात ब्लँकेटच्या मधोमध पट्टा दिसतो. महिन्याने परत गेलात तर तो लॉट मिळेलच असं नाही.

क्रोशाचा पॅटर्न असेल तर आधी गाव विचारा

चांदूरला जायचंय म्हटलं की आपल्या जिल्ह्यात पुढचा प्रश्न ठरलेला असतो: रेल्वे की बाजार? नाव एक, तालुके दोन. क्रोशाच्या पॅटर्नमध्ये अगदी हेच होतं. ‘डबल क्रोशे’ हा शब्द अमेरिकन पॅटर्नमध्ये असेल तर तो आपला खांब. ब्रिटिश पॅटर्नमध्ये असेल तर तो मुका खांब. आपल्या खांबाला ब्रिटिश ‘ट्रेबल’ म्हणतात आणि अमेरिकन ‘ट्रेबल’ त्याहून उंच, दोन वेढ्यांचा असतो. गाव चुकलं तर प्रत्येक ओळीची उंची बदलते, लोकरीचा हिशेब कोलमडतो आणि तरीही टाक्यांची संख्या जुळतच राहते. मोजून पकडता न येणारी चूक ती हीच.

ओळखायची खूण मात्र सोपी आहे. पॅटर्नमध्ये ‘सिंगल क्रोशे’ किंवा ‘एससी’ कुठेही दिसलं की तो अमेरिकन, कारण ब्रिटिश पद्धतीत ‘सिंगल’ नावाचा टाका सहसा येत नाही. अमेरिकन मुका खांब तो हाच. जुन्या इंग्रजी पुस्तकातून फोटो काढून पाठवलेला नमुना बहुधा ब्रिटिश निघतो, यूट्यूबवरचा बहुतेक वेळा अमेरिकन. काहीच लिहिलेलं नसेल तर फोटोतल्या खांबांची उंची बघून ठरवा आणि वहीत पॅटर्न उतरवतानाच डबल-ट्रेबल खोडून मुका खांब, खांब असं लिहा.