बिनबिलाचे बियाणे

माझ्या कपाटात बियाण्यांच्या रिकाम्या पाकिटांचा एक गठ्ठा आहे. एका जिनिंग-प्रेसिंगमध्ये मी सव्वीस वर्षे हिशेब लिहिला. शेतीशास्त्राची पदवी माझ्याकडे नाही. जे थोडेफार समजले, ते अकोल्याच्या पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाच्या शिवारफेऱ्यांत, अमरावतीच्या वाचनालयांत आणि लोकांच्या धुऱ्यावर बसून. पाकिटे जमवायची सवय २००२ साली लागली, कारण त्या वर्षी वऱ्हाडात पहिल्यांदा कायदेशीर बीटी कापूस आला आणि पाकिटावर इतका मजकूर छापलेला मी आधी कधी पाहिला नव्हता. आत ४५० ग्रॅम बीटी बियाणे, सोबत १२० ग्रॅमची बिगर-बीटीची छोटी पुडी. बाहेर लॉट क्रमांक, चाचणीची तारीख, उगवणशक्ती किमान ७५ टक्के, किंमत, कंपनीचा पत्ता.

गठ्ठ्यातले सर्वांत अलीकडचे पाकीट दर्यापूर तालुक्यातल्या माझ्या मावसभावाचे आहे. त्यावर टपोऱ्या बोंडांचे चित्र आणि एक ठसकेबाज नाव आहे. पत्ता नाही, लॉट नाही, तारीख नाही, किंमत नाही. २०२४ च्या हंगामात बीजी-२ च्या पाकिटाचा सरकारने ठरवलेला कमाल भाव ८६४ रुपये होता. त्याने याहून जास्त मोजले, तेही रात्री, ओळखीच्या माणसामार्फत. निम्मे उगवले. उगवलेल्यावर तणनाशक फवारले, तेव्हा तणासोबत बरीचशी पऱ्हाटीही करपली, कारण बियाणे मिसळीचे होते. मी म्हटले, तालुक्याच्या तक्रार समितीकडे जा. तो हसला. "कोनाले सांगू भाऊ? बिल कुठं हाये?"

जनुकीय पिकांवरचा वाद आपण वीस-बावीस वर्षे 'हवे' की 'नको' असा ऐकत आलो. मावसभावाच्या प्रश्नाने मला त्याकडे वेगळ्या बाजूने पाहायला लावले.

चोर बीटी म्हणजे काय

आपल्याकडे ज्याला 'चोर बीटी' म्हणतात, त्याचे कागदावरचे नाव एचटीबीटी. त्यात दोन वेगळे गुण आहेत. पहिला बीटीचा. बॅसिलस थुरिन्जेन्सिस या मातीतल्या जिवाणूचे जनुक कापसात घातले की झाड स्वतःच एक प्रथिन तयार करते. ते बोंडअळीच्या अल्कधर्मी आतड्यात गेले की आतड्याला छिद्रे पडतात आणि अळी मरते. माणसाच्या जठरात आम्ल असते आणि त्या प्रथिनाला चिकटायला लागणारी जागाही आपल्या आतड्यात नसते.

दुसरा गुण तणनाशक सहन करण्याचा. ग्लायफोसेट हे औषध वनस्पतीतल्या एका विकराला अडवते. त्यामुळे काही आवश्यक अमिनो आम्ले तयार होत नाहीत आणि हिरवे झाड वाळते. जिवाणूपासून घेतलेल्या दुसऱ्या एका जनुकामुळे कापसाला त्या विकराचा असा पर्याय मिळतो, की ज्याला औषध अडवू शकत नाही. मग शेतावर सरसकट फवारा, तण मरते आणि पऱ्हाटी उभी राहते.

वऱ्हाडात याचे आकर्षण का, हे काळ्या जमिनीत पाय रुतल्यावर कळते. जुलै-ऑगस्टमध्ये दहा-बारा दिवस झड लागली की डवरे वावरात जात नाही. वाफसा येईपर्यंत तण कापसाच्या डोक्यावर जाते. त्याच आठवड्यात सगळ्या गावाला निंदणाला बाया हव्या असतात. अशा वेळी पाठीवरचा एक पंप काय करू शकतो, हे शेतकऱ्याला शास्त्रज्ञाने सांगावे लागत नाही.

बीटीला २६ मार्च २००२ रोजी परवानगी मिळाली. तणनाशक-सहनशील कापसाला व्यापारी लागवडीची परवानगी आजवर मिळालेली नाही. त्यासाठीचा अर्ज महिकोने २०१६ मध्ये मागे घेतला. पण बियाणे काही अर्जासोबत परत गेले नाही. केंद्राच्या एका समितीच्या अंदाजानुसार २०१७ च्या हंगामातच महाराष्ट्र, गुजरात, तेलंगणा आणि आंध्र प्रदेशातल्या सुमारे १५ टक्के कापूसक्षेत्रावर ते उभे होते.

कायद्याची वाट

जनुकीय बियाण्याला आपल्याकडे दोन कायद्यांच्या दारांतून जावे लागते. पहिले दार १९८६ च्या पर्यावरण संरक्षण कायद्याचे आणि त्याखालच्या १९८९ च्या नियमांचे. बियाणे तयार करणाऱ्या संस्थेची जैवसुरक्षा समिती, मग जैवतंत्रज्ञान विभागाची आढावा समिती, मग पर्यावरण मंत्रालयाची जीईएसी, आणि शेतातल्या चाचणीसाठी राज्याचे ना-हरकत पत्र. येथे प्रश्न एकच : हे पीक माणसाला, जनावराला आणि निसर्गाला सुरक्षित आहे का?

दुसरे दार १९६६ च्या बियाणे कायद्याचे आणि महाराष्ट्राच्या २००९ च्या कापूस बियाणे कायद्याचे. येथला प्रश्न वेगळा : पाकिटावर जे लिहिले ते आत आहे का, आणि नसले तर भरपाई कोण देणार? म्हणूनच कृषी विभाग दर हंगामात बजावतो, की बिल, पिशवी, टॅग आणि मूठभर बियाणे जपून ठेवा.

गोम अशी, की पहिले दार बंद असले तर दुसरे आपोआप बंद होते. ज्या बियाण्याला परवानगी नाही, त्याची उगवण कोणी तपासत नाही, भाव कोणी ठरवत नाही, पंचनामा कोणी करत नाही. आपण समजतो की परवानगी रोखली म्हणजे धोका रोखला. प्रत्यक्षात पिकाचा धोका वावरात आलाच, वर फसवणुकीचा धोकाही आला आणि दोन्ही एकाच माणसाच्या डोक्यावर बसले.

हे पहिल्यांदा घडले असेही नाही. २००१ मध्ये गुजरातेत बोंडअळीने कापूस खाल्ला, तेव्हा 'नवभारत १५१' नावाचे वाण मात्र हिरवेगार उभे राहिले. तपासले तर त्यात परवानगी नसलेले बीटी जनुक निघाले. पीक जाळा, असे सरकार म्हणाले. शेतकरी नाही म्हणाले आणि शरद जोशी त्यांच्या पाठीशी उभे राहिले. पुढच्याच मार्चमध्ये अधिकृत बीटीला परवानगी मिळाली. यातून शेतकऱ्यांनी काय धडा घेतला असेल, ते सांगायला नको : आधी पेरा, कायदा मागून येतो.

अकोली जहांगीर

१० जून २०१९ रोजी अकोट तालुक्यातल्या अकोली जहांगीर गावात शेतकरी संघटनेच्या कार्यकर्त्यांनी आणि शेतकऱ्यांनी हजाराच्या संख्येने जमून उघडपणे एचटीबीटी पेरले. पर्यावरण कायद्यात तेव्हा पाच वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंड होता. आयोजकांवर गुन्हे दाखल झाले. तंत्रज्ञान निवडण्याचे स्वातंत्र्य शेतकऱ्याला हवे, ही त्यांची मागणी.

याच मातीत दुसरा आवाजही आहे. अमरावती जिल्ह्यातल्या बेलोऱ्याचे सुभाष पाळेकर विकतचे काहीच नको म्हणतात : खत नको, औषध नको, कंपनीचे बियाणे नको. देशी गाईच्या शेणामुताचे जीवामृत आणि घरचे बी. २०१६ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. अकोली जहांगीर आणि बेलोरा यांच्या मध्ये पूर्णेचे खोरे आहे आणि कर्ज दोन्हीकडे सारखेच आहे. एकाला बाजारातून सुटका हवी आहे, दुसऱ्याला बाजारात निवड हवी आहे. निर्णय दिल्लीत होतो आणि आपल्याला विचारून होत नाही, ही तक्रार मात्र दोघांचीही.

एकदा मात्र विचारले गेले. जीईएसीने ऑक्टोबर २००९ मध्ये बीटी वांग्याची शिफारस केल्यावर तेव्हाचे पर्यावरणमंत्री जयराम रमेश यांनी सात शहरांत जनसुनावण्या घेतल्या. त्यांतली एक नागपूरला झाली. मी गेलो होतो, विरोध करणाऱ्यांच्या घोळक्यात. इतका गलका होता की माझे दोन पानी टिपण खिशातच राहिले. ९ फेब्रुवारी २०१० रोजी मंत्र्यांनी स्थगिती दिली. तेव्हा आनंद झाला होता. पण स्वतंत्र अभ्यास होईपर्यंत दिलेल्या त्या स्थगितीला आता पंधरा वर्षे उलटली. बांगलादेशाने तेच वांगे २०१३ मध्ये मंजूर केले. आपण 'नाही'ही म्हटले नाही आणि 'हो'ही नाही. मोहरीच्या बाबतीत जुलै २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींचे मत विभागले. राष्ट्रीय धोरण हवे, एवढ्यावर मात्र दोघांचे एकमत होते.

परवानगीनंतरचे काम

निर्णय लवकर हवा म्हणजे फक्त परवानगी हवी, असे मी म्हणत नाही. ते का, हे पाकिटातल्या १२० ग्रॅमच्या छोट्या पुडीने शिकवले. बीटीची परवानगी एका अटीवर होती : शेताच्या कडेने पाच ओळी किंवा २० टक्के क्षेत्र बिगर-बीटीचे लावा. म्हणजे काही अळ्या विष न खाता जगतील, प्रतिकारक अळ्यांशी त्यांचा संकर होईल आणि प्रतिकार पसरायला वेळ लागेल. शास्त्र चोख होते. पण आपल्याच हाताने अळीला जेवण वाढायचे, हे दोन-चार एकरवाल्याला कसे पटावे? पुड्या धुऱ्यावर फेकल्या गेल्या. अट पाळली जाते की नाही, हे पाहायला कोणी आले नाही. शेवटी अलीकडे दोन्ही बिया एकाच पिशवीत मिसळून द्यायची पद्धत आली.

त्यात आपल्याकडे बीटी आला तो संकरित वाणांत, म्हणजे दरवर्षी विकत घ्यायच्या बियाण्यात. संकरित झाडाच्या एकाच बोंडात विष असलेली आणि नसलेली सरकी शेजारी-शेजारी भरते आणि गुलाबी अळीला प्रतिकार शिकायची शाळाच मिळते. वर आपण पाण्याच्या आशेने फरदड ठेवतो, म्हणजे अळीला फेब्रुवारी-मार्चपर्यंत घर. गुजरातेत पहिल्या बीटीला गुलाबी अळी दाद देत नाही, हे कंपनीनेच २०१० मध्ये मान्य केले. पुढे दोन जनुकांचे बीजी-२ ही हरले. २०१७ च्या हंगामात वऱ्हाडात बोंडे फोडली की आत गुलाबी अळी निघे. त्याच हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी-मजूर दगावले.

घरचे बी ठेवता येईल असे बीटी सरकारी संस्थांनीही करून पाहिले. नागपूरची केंद्रीय कापूस संशोधन संस्था आणि धारवाडचे कृषी विद्यापीठ यांचे 'बीकानेरी नरमा बीटी' हे सरळ वाण २००९ मध्ये शेतकऱ्यांपर्यंत आले. पण त्यात मोन्सँटोचेच जनुक सापडले आणि ते थांबवावे लागले. कंपनीवर आंधळा विश्वास नको, तसा सरकारी शिक्क्यावरही नको.

ताटातले जनुक

शहरातले मित्र म्हणतात, कापूस कोण खातो? आपण खातो. सरकीचे तेल वऱ्हाडाच्या कढईत आहे आणि सरकीची ढेप जनावरांच्या गव्हाणीत. देशातला नव्वद टक्क्यांहून अधिक कापूस बीटी असताना ही सरकी कुठली असणार? शुद्ध केलेल्या तेलात प्रथिन किंवा डीएनए जवळजवळ उरत नाही, म्हणून घाबरायचे कारण नाही. पण 'जनुकीय अन्न आम्ही देशात येऊ दिले नाही' हे वाक्यही खरे नाही. जनुकीय सोयाबीनचे तेल २००७ पासून परवानगीने आयात होते. ऑगस्ट २०२१ मध्ये तर कोंबडी-खाद्यासाठी १२ लाख टन जनुकीय सोयापेंड आणायला केंद्राने मुभा दिली. सोयाबीन पिकवणाऱ्या अकोल्याच्या शेतकऱ्याने तेव्हा विचारले, की जे पेरायची मला बंदी, ते परदेशातून आणून माझा भाव पाडायला चालते कसे? या प्रश्नाचे उत्तर मी अजून शोधतो आहे.

निंदणाची बाई

या सगळ्या वादात जिला कोणीच विचारले नाही, ती निंदणाला जाणारी बाई. मावसभावाच्याच गावात एकीशी बोललो. "औषध आलं अन् आमची श्रावणातली मजुरी गेली," ती म्हणाली. मी वहीत लिहून घेतले. मग तिच्या स्वतःच्या दीड एकरात काय पेरले, ते विचारले. ती थोडी थांबली. "तेच. चोर बीटी. दुसऱ्याच्या वावरात निंदाले गेली त माह्या वावरात कोन निंदन?"

वहीतले पहिले वाक्य खोडावे असे तेव्हा वाटले. खोडले नाही, कारण तिची दोन्ही वाक्ये खरी आहेत. कुठल्याही समितीच्या अहवालात ही दोन वाक्ये शेजारी-शेजारी असली पाहिजेत. ग्लायफोसेट कोणी, कधी, कोणते हातमोजे घालून फवारायचे हेही तिथेच ठरले पाहिजे. ऑक्टोबर २०२२ मध्ये केंद्राने ते फक्त परवानाधारक कीड-नियंत्रकांमार्फतच वापरण्याचा आदेश काढला. गावात असा कीड-नियंत्रक मी पाहिलेला नाही.

कारंज्याला १८८६ मध्ये कापसाचा नियंत्रित बाजार सुरू झाला आणि १८९७ मध्ये वऱ्हाडासाठी कापूस व धान्य बाजाराचा कायदा झाला. देशातल्या बाजार समित्यांचे मूळ ते. पण त्या बाजारामागे चिंता होती ती मँचेस्टरच्या गिरण्यांना निर्भेळ कापूस मिळण्याची. शेतकऱ्याच्या मापाचा विचार कायद्यात हळूहळू, भांडून आणावा लागला. बियाण्याच्या कायद्यातही तेच करावे लागेल. अकोल्याच्या विद्यापीठात आणि नागपूरच्या संस्थेत उघड चाचण्या घ्या, आकडे मराठीत छापा आणि तारीख ठरवून 'हो' किंवा 'नाही' सांगा. 'नाही' असेल तर बियाणे तयार होते तिथे पकडा, दीड एकरवालीच्या वावरात नको. 'हो' असेल तर पाकिटावर नाव, पत्ता, लॉट आणि हाती बिल द्या, आणि परवानगीच्या अटी पाळल्या जातात का, हे पाहायला माणूस पाठवा.

यंदा मावसभावाने पुन्हा तेच बियाणे पेरले. मी चिडलो. तो म्हणाला, "मागच्या वर्षीचं खराब निंगालं, यंदाचं चांगलं हाये." पाकीट मात्र न विसरता माझ्यासाठी ठेवले होते. ते कोरेच आहे. गठ्ठ्यात सर्वांत वर ठेवले आहे.