मेआयकमिन्सर

जून १९७८. तालुक्याच्या गावची मराठी शाळा, पाचवीचा वर्ग. तेव्हा इंग्रजी पाचवीपासून सुरू व्हायचं. एबीसीडी गिरवून होण्याआधीच आम्ही एक लांबलचक इंग्रजी शब्द शिकलो होतो : मेआयकमिन्सर. उशीर झाला की दारात उभं राहायचं, हा शब्द एका दमात म्हणायचा, की आत बसायला मिळायचं. हा एक शब्द नसून पाच आहेत, हे कळायला दोन वर्षं गेली. त्यातला ‘मे’ आंब्यांचा महिना नव्हे, हे कळायला आणखी एक. पण तेवढ्या काळात कुणी तो भलत्या ठिकाणी वापरल्याचं आठवत नाही. घरात शिरताना आईला कुणी मेआयकमिन्सर म्हटलं नाही. दार, उशीर, सर आणि सरांच्या हातातली छडी, या सगळ्यांनी मिळून त्याचा अर्थ सांगितला होता.

तसं पाहिलं तर पाचवीच्या आधीही आमच्या तोंडात इंग्रजी होतंच. स्टँड म्हणजे जिथे एसटी लागते. लाइट म्हणजे जी जाते आणि कधीतरी येते. हॉटेल म्हणजे जिथे मिसळ मिळते. तिथे माणसं मुक्कामाला राहतात, हे ऐकून आम्ही हसलो असतो. हे अर्थ गावानं शिकवले आणि अर्धेच शिकवले. पुढे एका धड्यात ‘लाइट ब्रेकफास्ट’ आला, तेव्हा माझ्या शेजाऱ्यानं वहीत लिहिलं : विजेवरचा नाश्ता. त्याचं तर्कशास्त्र बिनतोड होतं. शब्द त्याला एकाच ठिकाणी भेटला होता, एवढंच.

शाळेची रीत वेगळी. वहीच्या मधोमध रेघ, डावीकडे शब्द, उजवीकडे अर्थ, रोज दहा पाठ. घरी आजोबांच्या कपाटात तर्खडकरांची भाषांतर पाठमाला होती. मराठी वाक्य द्यायचं, इंग्रजी करून घ्यायचं. त्या शिस्तीत वाढलेली पिढी चार पानी अर्ज बिनचूक लिहायची, हे नाकारून चालणार नाही. आमच्या वाट्याला मात्र रकाने आले. मुसळधार पावसाला कुत्र्या-मांजरांचा पाऊस म्हणायचं, हे दोन मार्कांसाठी घोकलं. त्यानंतर पंचेचाळीस पावसाळे पाहिले. तो वाक्प्रचार वापरायची वेळ एकदाही आली नाही.

मग आठवीत सगळ्या वडीलधाऱ्यांनी एकच सल्ला दिला : “इंग्रजी पेपर वाचत जा, संदर्भानं अर्थ कळेल.” वाचनालयात जाऊन अग्रलेख उघडला. प्रत्येक ओळीत तीन शब्द अडलेले. ज्यांच्या आधारानं अर्थ लावायचा, तेच अनोळखी. महिन्याभरात सल्ला आणि पेपर दोन्ही सोडले, आणि आपण ‘ढ’ आहोत अशी खात्री करून घेतली. तो दोष माझा नव्हता, हे फार उशिरा समजलं. पॉल नेशन आणि मार्सेला हू या अभ्यासकांनी २००० साली दाखवलं की गोष्ट कुणाच्या मदतीशिवाय नीट समजायची, तर तिच्यातले साधारण ९८ टक्के शब्द आधीच ओळखीचे हवेत. म्हणजे पन्नासात एखादा नवा. माझ्या अग्रलेखात तो हिशेब पार उलटा होता. खरं तर १९२०च्या दशकात ढाक्यात काम करणाऱ्या मायकल वेस्ट यांनी हे ओळखून वाचनमाला तयार केली होती : नवे शब्द मोजके, दूरदूर पेरलेले आणि पुन्हापुन्हा भेटणारे. आपल्याच उपखंडात झालेलं ते काम आमच्या वाचनालयापर्यंत पोचलं नव्हतं.

पेपर पुन्हा हातात आला तो जून १९८३ मध्ये. २५ तारखेच्या रात्री क्रिकेट विश्वचषकाच्या अंतिम सामन्यासाठी आख्खी आळी रेडिओभोवती होती. भारत सर्वबाद १८३, म्हणून निम्मे लोक जेवायला उठून गेले. वेस्ट इंडिज १ बाद ५० वरून ६ बाद ७६ झाली, तेव्हा सगळे ताटावरून परत आले. १४० ला डाव संपला. पुढे दोन-तीन दिवसांनी इंग्रजी पेपर मिळाला, तो शेवटच्या पानापासून वाचला. काय घडलं ते चेंडू-चेंडू पाठ होतं, त्यामुळे शब्द आपणहून बोलू लागले. एका ओळीत ‘कोलॅप्स’ भेटला. शब्दकोश उघडायची गरजच नव्हती. मी तो १ बाद ५० ते ६ बाद ७६ असा ऐकलेला होता. बातमी माहीत असेल तर भाषा शिकता येते. आम्हाला मात्र भाषेतून बातमी शिकायला बसवलं होतं.

तरी तोही अर्धाच अर्थ. पुण्यात नोकरीला लागलो तेव्हा जुन्या इमारतीतल्या लिफ्टचं जाळीचं दार ‘कोलॅप्सिबल’ असल्याचं कळलं. ते तर कधी कोसळलं नाही, नुसतं मिटायचं. पुढे दवाखान्याच्या जिन्यात कुणीतरी फोनवर सांगत होतं, “पेशंट कोलॅप्स झाला.” सामना, दार, माणूस : तीन ठिकाणी भेटल्यावर शब्द पुरता ओळखीचा झाला. त्याच नोकरीत परदेशी पाहुण्यानं विचारलं, “हॅव यू गॉट द टाइम?” मला वेळच वेळ होता, मी खुर्ची पुढे केली. त्यानं हसून मनगटावर बोट टेकवलं. ते बोट मी आजही विसरलेलो नाही.

शब्दकोशांनीही हळूहळू हीच वाट धरली. बर्मिंगहॅममध्ये जॉन सिंक्लेअर यांच्या देखरेखीखाली तयार झालेला कोबिल्ड कोश १९८७ साली आला. खऱ्याखुऱ्या बोलण्या-लिहिण्याचा प्रचंड साठा संगणकात घालून त्यानं अर्थ पूर्ण वाक्यातून सांगितले; शब्द कुणाच्या सोबतीनं येतो, तेही दाखवलं. इकडे महाराष्ट्रात २०००-०१ पासून इंग्रजी पहिलीपासून आलं. आता फोनवर शब्दाला बोट लावलं की अर्थ हजर. माझी पुतणी तसा अर्थ पाहते आणि पुढच्या पानावर तोच शब्द पुन्हा पाहते. उलट, कार्टूनमधून उचललेली आख्खी वाक्यं ती हव्या त्या क्षणी, हव्या त्या सुरात फेकते. वहीचा उजवा रकाना आता फोनमध्ये गेला आहे, एवढाच फरक.

आमच्या घरात या विद्येत सगळ्यात पुढे आई आहे. वय एक्क्याऐंशी, शिक्षण चौथी. “रिपोर्ट नॉर्मल आले, शुगर बॉर्डरला आहे,” असं ती डॉक्टरांना सांगते आणि त्यात काडीची चूक नसते. मागच्या सोमवारी रक्त न्यायला लॅबचा मुलगा आला. सुई काढता काढता त्यानं विचारलं, “आजी, फास्टिंग आहे ना?”

“नाही रे,” आई म्हणाली, “आज उपास आहे. सकाळीच साबुदाण्याची खिचडी खाल्ली.”