पत्त्यांची एक यादी, अनेक फायली

दिल्ली आणि तिच्या भोवतालची नोएडा, गाझियाबाद, गुरुग्राम, फरिदाबाद ही शहरे एकमेकांना इतकी भिडली आहेत, की एक कोठे संपते आणि दुसरे कोठे सुरू होते हे नवख्या माणसाला कळत नाही. टपालखात्याला मात्र ते कळते. कारण पत्त्याच्या शेवटी सहा अंकी पिन कोड असतो. ही पद्धत १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झाली. तिचे जनक श्रीराम भिकाजी वेलणकर हे केंद्र सरकारचे अधिकारी आणि संस्कृतचे लेखक होते. एकाच नावाची अनेक गावे आणि निरनिराळ्या भाषांत लिहिलेले पत्ते यांमुळे होणारा घोटाळा या पद्धतीने कमी झाला. पिन कोडचे पहिले तीन अंक टपालाचा वर्गीकरण जिल्हा दाखवतात आणि शेवटचे तीन अंक टपाल कार्यालय. ११० हे अंक दिल्लीचे, १२१ फरिदाबादचे, १२२ गुरुग्रामचे, तर २०१ नोएडा व गाझियाबादचे आहेत.

समजा, एका मुक्त विद्यालयाला या परिसरातील ५,००० विद्यार्थ्यांना पुस्तके पाठवायची आहेत. सर्व पत्ते एकाच मजकूर फायलीत आहेत. एका ओळीत एक पत्ता आणि ओळीच्या अखेरीस पिन कोड. पत्ते हाताने वेगळे करण्यात कित्येक दिवस जातील. हेच काम स्क्रिप्ट काही क्षणांत करते. स्क्रिप्ट म्हणजे संगणकाने क्रमाने पाळावयाच्या सूचनांची छोटी आज्ञावली. येथे तिच्या सूचना अशा असतात :

१. फायलीतील एक ओळ वाचा.
२. पिन कोडचे पहिले तीन अंक घ्या.
३. त्या अंकांच्या नावाची फाईल नसेल, तर ती तयार करा.
४. ती ओळ त्या फायलीच्या शेवटी जोडा.
५. ओळी संपेपर्यंत हीच कृती पुन्हा करा.

चौथ्या सूचनेतील ‘शेवटी जोडा’ हे शब्द महत्त्वाचे आहेत. त्यांऐवजी प्रत्येक वेळी फाईल नव्याने लिहिण्याची सूचना दिली, तर आधीचा मजकूर पुसला जातो आणि फायलीत केवळ शेवटचा पत्ता उरतो. उलट, आधी तयार झालेल्या फायली न काढता स्क्रिप्ट दुसऱ्यांदा चालवली, तर प्रत्येक पत्ता दोनदा येतो.

संगणक सूचना पाळतो, अर्थ जाणत नाही. एखाद्याने पिन कोडचे पाचच अंक लिहिले असतील किंवा तो लिहिलाच नसेल, तर अशा ओळी वेगळ्या फायलीत टाकण्याची सूचनाही द्यावी लागते. त्या ओळी मग माणसाने तपासावयाच्या असतात. कोणी देवनागरी, तर कोणी इंग्रजी अंक वापरले असतील, तर संगणक ती चिन्हे वेगळी मानतो. म्हणून सर्व अंक आधी एकाच लिपीत आणावेत.

शेवटी सर्व नव्या फायलींतील ओळी मोजून बेरीज करावी. ती मूळ फायलीतील ओळींइतकीच यावयास हवी. ती ४,९९९ आली, तर कोणा एका विद्यार्थ्याचे पुस्तक निघालेलेच नाही. परीक्षा जवळ आलेली असताना त्या एका ओळीचे मोल मोठे असते. म्हणून मूळ फाईल कधीही पुसू नये. चुकलेली ओळ तिच्यातूनच सापडते.

पाठगत प्रश्न
१. ‘शेवटी जोडा’ ही सूचना न दिल्यास काय होईल?
२. नव्या फायलींतील ओळींची बेरीज ५,००२ आली, तर कोणती चूक झाली असावी?