कौतुकाचे नाणे

छत्तीस वर्षे मी परळच्या एका शाळेत मराठी शिकवले. वहीवर लाल शाईने ‘शाबास’ लिहिणे हा माझ्या कामाचा भाग होता. मुले मात्र मधल्या सुट्टीत एकमेकांना ‘झकास’, ‘कडक’, ‘एक नंबर’ म्हणत. माझे ‘शाबास’ त्यांच्यात चालत नसे. निवृत्तीनंतर सहज चाळा म्हणून मी आपल्या भागातले कौतुकाचे शब्द एका वहीत टिपू लागले. टिपता टिपता एका शब्दापाशी येऊन थांबले. तो शब्द आमच्या घरातलाच होता. पण त्याच्याकडे वळण्याआधी बाकीच्यांचा हिशेब मांडते.

माझ्या लाल शाईतला ‘शाबास’ मूळचा फारसी. ‘शाद बाश’, म्हणजे ‘आनंदात राहा’. खरे तर तो आशीर्वाद. आपण त्याला शिफारसपत्र केले. ‘वाहवा’ आणि ‘बहोत खूब’ त्याच वाटेने आले. ‘जबरदस्त’ म्हणजे ज्याचा हात वरचढ तो. ‘लाजवाब’ म्हणजे ज्याला उत्तर नाही असे. आपण ‘फर्मास चहा’ म्हणतो, त्यातही ‘फर्माईश’ दडलेली आहे: खास सांगून करवून घेतलेला चहा. आज गिरगावात टपरीवर उभ्याने चहा पिताना ही हुकमत कोणाला आठवणार?

पुढची भर इंग्रजीने घातली, आणि ती नाटकाच्या थिएटरांतून पसरली. 1880 साली अण्णासाहेब किर्लोस्करांचे ‘शाकुंतल’ रंगभूमीवर आले आणि संगीत नाटकाचे युग सुरू झाले. आवडत्या पदाला प्रेक्षक ‘वन्समोअर’ देऊ लागले. नाटक पहाटेपर्यंत लांबायचे ते काही अंशी या एका शब्दापायी. गंमत अशी की, इंग्रज प्रेक्षक स्वतः अशा वेळी ‘वन्स मोअर’ म्हणत नाही. तो ‘आँकोर’ असे फ्रेंच शब्दात ओरडतो. फ्रेंच माणूस ‘बीस’ म्हणतो, तो शब्द लॅटिन. आणि ‘ब्राव्हो’ तर सगळ्यांनीच इटलीकडून घेतला. दाद देताना परक्याचा शब्द तोंडात येणे हा काही मराठी माणसाचाच खास गुण नव्हे.

असे का होत असावे? माझ्यापुरते एक उत्तर मला सापडले आहे. आपल्या घरांत उघड कौतुकाची भीती असते. मूल गुटगुटीत दिसते म्हटले की आजी लगेच मीठमोहरी ओवाळून टाकते. आपल्या भाषेतला शब्द जवळचा, म्हणून त्याची दृष्ट लागते. परका शब्द जरा लांबून येतो. त्याने कौतुकही होते आणि संकोचही वाटत नाही. ‘तू मला फार आवडलास’ म्हणायला जीभ अडखळते, ‘बेष्ट!’ झटकन म्हणता येते. हा ‘बेष्ट’ तर मुंबईत रस्त्यावरून धावतो. 1905 साली वीज आणि ट्रामसाठी कंपनी निघाली, तिच्या इंग्रजी नावातल्या आद्याक्षरांचाच ‘बेस्ट’ झाला. बस कितीही उशिरा येवो, नाव बेस्टच.

तरी सगळेच शब्द परके नाहीत. बाजाराने आपल्याला बरेच दिले. ‘चोख’ हा सोन्याचा गुण; आता हिशेब चोख असतो, कामही चोख असते. ‘खणखणीत’ आवाज मूळचा नाण्याचा. रुपया दगडावर वाजवून घ्यायचा. खोटा असेल तर बद्द वाजे. ‘भारी’ म्हणजे वजनदार, म्हणून किमती: भारी शालू, भारी पैठणी. ‘एक नंबर’ ही मालाची प्रत. ‘सुरेख’ म्हणजे चांगली रेघ असलेले. तो शब्द चित्रापासून निघाला आणि आमटीपर्यंत पोचला.

कौतुकाचा शब्द चलनी नाण्यासारखाच असतो. हातोहात फिरला की झिजतो आणि नवे नाणे पाडावे लागते. ‘छान’ झिजला तेव्हा ‘भयंकर छान’ आला. इंग्रजीतही ‘टेरिफिक’ म्हणजे एके काळी धडकी भरवणारे. 1985च्या ‘युद्ध’ चित्रपटात अनिल कपूरने ‘झकास’ म्हटले आणि आपल्या गल्लीतला शब्द देशभर गेला. आज मुले तो वडीलधाऱ्यांचा शब्द समजतात. घाटावरून आलेल्या गिरणी कामगारांच्या तोंडी ‘लय’ होताच. 2014 साली ‘लय भारी’ चित्रपट आला आणि ज्या घरांत ‘लय’ म्हटल्यावर मुलांना दटावत, तिथेही तो बिनधास्त बोलला जाऊ लागला.

आपल्याकडे शब्दाऐवजी खरे नाणे देण्याचीही रीत होती. लालबागच्या हनुमान थिएटरात तमाशाला कामगारांची गर्दी असे. तिथली दाद म्हणजे दौलतजादा. लावणी आवडली की पैसे पुढे करायचे. दादरला शिवाजी पार्कवर रमाकांत आचरेकर सर यष्टीवर एक रुपयाचे नाणे ठेवत. सचिन तेंडुलकर नाबाद राहिला तर ते नाणे त्याचे. अशी 13 नाणी त्याने जपून ठेवली आहेत. पण 16 नोव्हेंबर 2013 रोजी वानखेडेवर निरोपाच्या भाषणात त्याने सांगितले की, सर आपल्याला कधीही ‘वेल प्लेड’ म्हणाले नाहीत. मुलगा सैल पडेल असे त्यांना वाटे. नाणे दिले, शब्द राखून ठेवला. ते भाषण ऐकताना आमच्या चाळीतल्या कितीतरी घरांना आपापले वडील आठवले असतील. मला माझे आठवले.

आमचे आबा कणकवलीकडचे, लालबागच्या एका गिरणीत साचेखात्यात होते. मी अकरावी मॅट्रिकला आमच्या मजल्यावर पहिली आले. शेजारच्या काकूंनी पेढा भरवला, कोणी ‘शाबास’ म्हणाले, कोणी ‘फस्क्लास’. आबांनी गुणपत्रिका दोन्ही बाजूंनी पाहिली, ‘बरा झाला’ म्हणाले आणि डबा घेऊन दुपारपाळीला गेले. त्या रात्री मी रडले. आईने त्यांना विचारले, तेव्हा ते म्हणाले, ‘‘बऱ्या कापडाक कोण कायव बोलणा नाय गो. ता फुडे जाता. डाग असलो तरच बोलतत.’’ खात्यात कापड तपासणारा दोष शोधायला बसलेला. तिथे गप्प राहणे हीच पसंती. हे मला समजले, पण ‘बरा’ मनात सलत राहिला. शाळेत आम्ही ‘बरा’ हा शेरा ‘चांगला’च्या खाली लिहीत असू, नापास व्हायच्या जरा वर.

वहीत ‘ब’ अक्षरावर आले तेव्हा हा शब्द नव्याने समोर आला. संतांच्या मराठीत ‘बरवे’ म्हणजे सुंदर, उत्तम. ‘बरा’ त्याच कुळातला. शहरी मराठीत तो झिजत झिजत ‘ठीकठाक’ झाला. ‘बरं आहे’ म्हणजे आता ‘वाईट नाही’ एवढेच. मालवणीत मात्र तो तितका झिजला नाही. आमच्या गावी मासे ‘बरे’ असतात, पाऊस ‘बरो’ पडतो, माणूस ‘बरो’ असतो, आणि त्यापेक्षा मोठी पावती कोणी देत नाही. आबांनी मला जुने, पुऱ्या वजनाचे नाणे दिले होते. मी ते माझ्या शाळेच्या तराजूत तोलले.

वहीत आता दोनशेच्या वर शब्द झाले आहेत. प्रत्येकापुढे मी मूळ आणि अर्थ लिहिते, आणि आता तिसरा रकानाही आखला आहे: कोणाच्या तोंडी. तो भरल्याशिवाय किंमत ठरत नाही. ‘बरा’पुढे मी ‘आबा’ लिहिले आहे. ते असते तर वही त्यांना दाखवली असती. त्यांनी ती दोन्ही बाजूंनी पाहिली असती आणि काय म्हणाले असते ते मला ठाऊक आहे.