देवमाशाच्या तेलाचा साबण आणि खवले कीड



देवमासा हा नावाचाच मासा. पिलाला दूध पाजणारा, हवेवर जगणारा तो प्राणी. थंड पाण्यात ऊब राहावी म्हणून त्याच्या कातडीखाली चरबीचा जाड थर असतो. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेची जहाजं दोन-दोन, तीन-तीन वर्षं दर्यावर राहून देवमासे मारीत आणि जहाजावरच मोठाल्या कढयांत ती चरबी कढवून पिपं भरीत. तेल दिव्यात जळे, यंत्रांना वंगण म्हणून लागे. १८५९ साली पेनसिल्व्हेनियात खनिज तेलाची विहीर लागली, पुढे घासलेट स्वस्त झालं आणि दिव्यातलं हे तेल मागं पडलं.

पण आपल्या कामाची गोष्ट वेगळीच आहे. या तेलाचा साबण करून तिकडचे बागाईतदार झाडांवर फवारीत. १८९३ साली सॅन होजे नावाची खवले कीड अमेरिकेच्या पूर्व भागात सापडली. सफरचंद, नासपती, पीच, कशालाच तिनं सोडलं नाही. फांदीला राख फासल्यासारखी ही कीड दिसते आणि रस शोषून झाड वाळवते. त्यावर पानं गळलेल्या झाडाला लिटरभर पाण्यात जवळजवळ पाव किलो साबण, इतका दाट फवारा देत. पानं असताना असं कडक पाणी चालत नसे, पानं करपत. साबणही पोटॅशचा लागे. सोड्याचा साबण गार झाला की खळीसारखा घट्ट होई, मग पंपातून निघणार कसा?

किडीच्या अंगावर मेण असतं, त्यावरून नुसतं पाणी घरंगळतं. साबणाचं पाणी पसरतं, आत शिरतं आणि तिचं नाजूक अंग निकामी करतं. म्हणजे कीड भिजली तरच मरते. फवारा वाळल्यावर त्यात दम राहत नाही, आणि खोडातल्या अळीला तर त्याचा पत्ताही लागत नाही.

देवमाशाच्या व्यापारी शिकारीवर १९८६ पासून आंतरराष्ट्रीय बंदी आहे, जरी दोन-चार देश ती जुमानीत नाहीत. आपल्याकडं मिळतो तो फिश ऑइल रोझिन सोप साध्या माशांच्या तेलाचा. सीताफळावर पिठ्या ढेकणाचा पांढरा कापूस दिसला, की लिटरला २५ ग्रॅम घेतात. तरी डब्यावरचं प्रमाण वाचून घ्या. पहिल्यांदा दोन झाडांवर मारून पाहा, भर उन्हात मारू नका. आणि बोअरचं पाणी जड असेल, साबण फेस न देता दह्यासारखा फुटत असेल, तर साबण वाया गेला समजा. त्या दिवशी कॅनॉलचं किंवा साठवलेलं पावसाचं पाणी वापरा.