टोमॅटोचा करपा आणि फवारणी: गैरसमज आणि वस्तुस्थिती

कुर्डुवाडी हा माढा तालुक्यातला कोरडा पट्टा. सोलापूर जिल्ह्यात वर्षाला साधारण ५०० ते ६०० मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातला मोठा वाटा सप्टेंबरमध्ये येतो. परसात किंवा गच्चीवर लावलेले टोमॅटो नेमके त्याच सुमारास जोम धरतात आणि करपाही तेव्हाच दिसू लागतो. मग शेजारी सांगतात ते औषध आणलं जातं, अंदाजाने मारलं जातं आणि झाड तरीही वाळतं. घरची भाजी घरचीच माणसं खाणार, म्हणून हे अंदाज तपासून घेणं गरजेचं आहे.

गैरसमज: आपल्याकडे हवा कोरडी, बुरशी कुठून येणार?

वस्तुस्थिती: करप्याला मुसळधार पाऊस लागत नाही. पान काही तास ओलं राहिलं तरी पुरतं. परतीचा पाऊस, थंडीतलं दव आणि संध्याकाळी पाइपने झाडावरून मारलेलं पाणी, तिन्हींमुळे पान रात्रभर ओलं राहू शकतं. लवकर येणारा करपा साधारण २४ ते २९ अंशांच्या उबदार हवेत फोफावतो. तो खालच्या जुन्या पानांपासून सुरू होतो. तपकिरी डागात एकात एक वर्तुळं दिसतात. उशिरा येणाऱ्या करप्याला १५ ते २२ अंशांची थंड, ढगाळ, धुक्याची हवा मानवते. त्यात पानांवर भिजल्यासारखे काळपट चट्टे पडतात आणि दमट हवेत पानाच्या खालच्या बाजूला पांढरी लव येते. भुरीला तर पान ओलं असण्याचीही गरज नसते. ती कोरड्या हवेतही येते.

गैरसमज: रोग दिसला की फवारायचं, पान पुन्हा हिरवं होईल.

वस्तुस्थिती: मेलेल्या पेशी पुन्हा जिवंत होत नाहीत. तांबेयुक्त औषधं आणि मॅन्कोझेब पानाच्या पृष्ठभागावर थर धरतात आणि बीजाणू रुजू देत नाहीत. बुरशी पानात शिरल्यावर हा थर तिला गाठू शकत नाही. म्हणून डाग पडलेली पानं आधी कात्रीने काढून टाकावीत आणि उरलेल्या निरोगी पानांवर, खालच्या बाजूनेही, फवारावं. पावसाने थर धुऊन जातो आणि नवी पालवी उघडीच असते. त्यामुळे पावसाळी हवेत लेबलवरच्या अंतराने फवारणी पुन्हा करावी लागते.

गैरसमज: कोणतंही बुरशीनाशक सगळ्या बुरशींवर चालतं.

वस्तुस्थिती: कार्बेन्डाझिम घरोघरी वापरलं जातं, पण दोन्ही करप्यांवर ते उपयोगी नाही. उशिरा येणाऱ्या करप्याचा फायटोप्थोरा हा तर खरी बुरशीच नव्हे. तो शैवालांच्या जवळचा जीव आहे. गंधक भुरीवर उत्तम, करप्यावर नाही. तेही कडक उन्हात मारलं तर पानं भाजतात. करप्यापासून आधीच बचाव करायचा तर तांबं किंवा मॅन्कोझेब.

गैरसमज: पान वळलं, फळ काळं पडलं, म्हणजे बुरशीच.

वस्तुस्थिती: पानं वर वळून झाड खुजं राहिलं तर बहुधा तो पांढऱ्या माशीने पसरवलेला विषाणू असतो. फळाचा बुडखा काळा पडून बसला तर कारण असतं कॅल्शियमचा अपुरा पुरवठा. पाण्याची ओढ आणि मग एकदम भरपूर पाणी, असं झालं की हा त्रास वाढतो. दोन्हीवर बुरशीनाशक वाया जातं. रोग ओळखता येत नसेल तर पान घेऊन मोहोळच्या कृषी विज्ञान केंद्रात किंवा तालुक्याच्या कृषी कार्यालयात दाखवावं.

गैरसमज: घरचा उपाय म्हणजे निर्धोक.

वस्तुस्थिती: खाण्याच्या सोड्याचा भुरीवर थोडाफार परिणाम होतो; करप्यावर भरवसा ठेवावा इतका नाही. प्रमाण वाढलं तर त्यातल्या सोडियमने पानांच्या कडा जळतात. कडुनिंबाचं तेल मुख्यतः किडींसाठी आहे.

बोर्डो मिश्रणही घरी करता येतं. फ्रान्समधल्या बोर्दो इथले मिलार्दे यांनी १८८५ मध्ये द्राक्षावरच्या केवड्यासाठी त्याची माहिती प्रसिद्ध केली आणि आजही ते वापरात आहे. एक टक्का मिश्रणासाठी लिटरभर पाण्याला १० ग्रॅम मोरचूद आणि १० ग्रॅम कळीचा चुना लागतो. कोवळ्या रोपांना दोन्ही निम्मेच घ्यावेत. दोन्ही अर्ध्या-अर्ध्या लिटरमध्ये प्लॅस्टिकच्या भांड्यात वेगवेगळे विरघळवावेत आणि मग एकत्र ओतावेत. त्यात लोखंडी खिळा बुडवून पाहावा. खिळ्यावर तांबूस थर आला तर चुना कमी आहे, तो वाढवावा. मिश्रण त्याच दिवशी संपवावं. मोरचूद विषारी आहे. त्याची भांडी स्वयंपाकात परत आणू नयेत.

गैरसमज: औषध जरा दाट केलं की गुण लवकर येतो.

वस्तुस्थिती: पान भाजतं आणि फळावर उर्वरित अंश वाढतो. चमच्याने मोजू नये. ग्रॅमचा छोटा काटा वापरावा. डब्यावरच्या त्रिकोणाचा रंग पाहावा: लाल सर्वांत विषारी, मग पिवळा, निळा आणि सर्वांत कमी विषारी हिरवा. फवारणी आणि तोडणी यांच्यात किती दिवस थांबायचं तेही लेबलवर असतं. केवळ धुतल्याने ते दिवस कमी होत नाहीत. आधी पिकलेली फळं तोडून घ्यावीत, मगच फवारावं. हातमोजे आणि मास्क लावून, वारा नसताना, सकाळी.

मग फवारणीआधी काय करायचं?

पाणी बुडाशी द्यावं, तेही सकाळी. बुडाशी पाचट अंथरावं. माढा तालुक्यात उसामुळे ते सहज मिळतं. त्याने मातीतली बुरशी पावसाच्या शिंतोड्यांबरोबर पानावर उडत नाही. झाडाला काठीचा आधार द्यावा आणि जमिनीला टेकणारी पानं काढावीत. पुढच्या हंगामात त्याच मातीत टोमॅटो, वांगी, मिरची किंवा बटाटा लावू नये. रोगट पानं कंपोस्टच्या खड्ड्यात टाकू नयेत.

एवढं सांभाळलं तर घरच्या आठ-दहा झाडांना फवारणी लागलीच तरी मोजकी लागते, आणि ती योग्य वेळी होते.