उधळ्या पुत्राचा दाखला, खानदेशच्या बोलीत

जॉर्ज अब्राहम ग्रियर्सन हे ब्रिटिश राजवटीतले आयरिश सनदी अधिकारी. १८८६ मध्ये व्हिएन्नात भरलेल्या प्राच्यविद्या परिषदेत हिंदुस्थानातल्या भाषांची पद्धतशीर पाहणी व्हावी, असा आग्रह धरला गेला आणि पुढे ते काम त्यांच्याकडेच आलं. १९०३ ते १९२८ या काळात पाहणीचे अकरा खंड निघाले. त्यांत १७९ भाषा आणि ५४४ बोली नोंदल्या गेल्या. बोली एकमेकींशी ताडून पाहायच्या, तर प्रत्येकीत मजकूर एकच हवा. त्यासाठी ग्रियर्सन यांनी निवडला बायबलमधला उधळ्या पुत्राचा दाखला. लूकच्या शुभवर्तमानातल्या पंधराव्या अध्यायातल्या या गोष्टीत मी, तू, तो ही तिन्ही पुरुषवाचक सर्वनामं येतात, नामाच्या बहुतेक विभक्ती येतात आणि क्रियापदाचे तिन्ही काळ येतात. निवडीचं हे कारण त्यांनी स्वतःच नोंदवलं आहे. इथल्या लोकांच्या भावना दुखावू नयेत म्हणून मजकुरात किरकोळ फेरफारही करण्यात आले. मूळ गोष्टीत मेजवानीसाठी पोसलेलं वासरू कापतात, हे ध्यानात घेतलं की ही खबरदारी का घेतली असेल ते कळतं.

हा दाखला अशा रीतीने खानदेशातही आला. पाहणीच्या नवव्या खंडाचा तिसरा भाग १९०७ मध्ये प्रसिद्ध झाला. नॉर्वेचे भाषापंडित स्टेन कोनो यांनी तयार केलेल्या या भागात भिली बोलींच्या जोडीने खानदेशीचे, म्हणजे अहिराणीचे, नमुने आहेत. अहिराणी मराठीची बोली की गुजराती-राजस्थानीची बहीण, हा वाद तेव्हापासून चालू आहे. या लेखाला मात्र त्या पानांतली दुसरीच गोष्ट महत्त्वाची वाटते. बापाला सोडून गेलेल्या आणि परतून आलेल्या मुलाची कथा खानदेशी माणसाच्या तोंडून, त्याच्या घरच्या बोलीत, सरकारी कागदावर उतरली. ती उतरवून घेणाऱ्यांना व्याकरण हवं होतं. प्रार्थना करणाऱ्यांना जे हवं असतं तेही तिच्यात होतं, आणि दोन्हींचं मूळ एकच आहे. मी, तू आणि तो या तिन्ही जागांवर ऐकणाऱ्याला आळीपाळीने उभं करणारी ही कथा आहे.

दुष्काळाच्या वर्षांत आलेली कथा

पाहणीचे नमुने गोळा होत होते ती एकोणिसाव्या शतकाची अखेरची वर्षं. १८९६-९७ आणि १८९९-१९०० असे दोन मोठे दुष्काळ त्याच वर्षांत मुंबई इलाख्यावर आले. दुसऱ्याला लोक छप्पनचा दुष्काळ म्हणत, कारण तेव्हा विक्रम संवत १९५६ चालू होतं. दाखल्यातला धाकटा मुलगा दूर देशी जातो, पैसा उधळतो आणि नेमका तेव्हाच तिथे मोठा दुष्काळ पडतो. तापी आणि गिरणेच्या काठच्या श्रोत्याला या ओळीचा अर्थ कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

मिशनचं कामही याच सुमाराला इथे मूळ धरत होतं. स्वीडनमध्ये जन्मलेले फ्रेडरिक फ्रॅन्सन यांनी १८९० मध्ये शिकागोत स्कँडिनेव्हियन अलायन्स मिशन स्थापन केलं. त्याचे लोक पश्चिम खानदेशात, म्हणजे आजच्या धुळे आणि नंदुरबार जिल्ह्यांत पोचले. पूर्वेकडे भुसावळ, जळगाव, चाळीसगाव या पट्ट्यात ख्रिश्चन अँड मिशनरी अलायन्स ही संस्था वऱ्हाडातून आली. कॅथलिक मंडळी आज नाशिक धर्मप्रांतात मोडते. हा धर्मप्रांत १९८७ मध्ये पुण्यापासून वेगळा झाला आणि आजचे जळगाव, धुळे, नंदुरबार हे तिन्ही जिल्हे त्यात आले. पहिले बिशप थॉमस भालेराव येशूसंघीय, म्हणजे जेसुइट, होते.

ऐकणाऱ्याला बोलतं करणारी परंपरा

मराठी ख्रिस्ती परंपरेत कथा नुसती वाचून दाखवण्यावर कधी भागलं नाही. फादर थॉमस स्टीफन्स यांचं क्रिस्तपुराण १६१६ मध्ये रायतूर इथे छापलं गेलं. त्यातली दहा हजारांहून अधिक ओव्यांची रचना पाद्री आणि श्रोते यांच्या संवादावर उभी आहे. श्रोता शंका काढतो, पाद्री उत्तर देतो आणि कथा पुढे सरकते. पुढे अहमदनगरच्या अमेरिकन मराठी मिशनमध्ये कृष्णराव रत्नाजी सांगळे यांनी ख्रिस्ती कीर्तन रुजवलं. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत बाप्तिस्मा घेतलेल्या नारायण वामन टिळकांनी त्याला नवं बळ दिलं. कीर्तनात निरूपण मध्येच थांबतं, टाळकरी ध्रुपद उचलतात, समोरचे लोक त्यात सूर मिळवतात. विषय कीर्तनकाराचा असला, तरी तो पुरा करायला सभा लागते.

कॅथलिक प्रार्थनेतही ऐकणारा असाच कथेत ओढला जातो. येशूसंघाचे संस्थापक इग्नेशियस लोयोला यांच्या आध्यात्मिक साधनेच्या पुस्तकाला १५४८ मध्ये पोपची मान्यता मिळाली. त्यातली रीत अशी: शुभवर्तमानातला एखादा प्रसंग घ्यायचा, ती जागा डोळ्यांपुढे आणायची, तिथली माणसं पाहायची, त्यांचं बोलणं ऐकायचं आणि मग स्वतः त्या प्रसंगात जाऊन उभं राहायचं. शेवटी प्रभूशी बोलायचं, मित्र मित्राशी बोलतो तसं. उधळ्या पुत्राच्या दाखल्याला ही रीत फार शोभते. कॅथलिक उपासनेत दर तीन वर्षांनी प्रायश्चित्तकाळाच्या चौथ्या रविवारी हा दाखला वाचला जातो. ३० मार्च २०२५ चा रविवार असाच होता.

पाच-पंचवीस माणसं गोल बसली आहेत आणि त्यांना हा दाखला मिळून प्रार्थनेत घ्यायचा आहे, असं समजू. एकाने थांबत थांबत वाचायचं, प्रत्येक थांब्यावर एक प्रश्न विचारायचा, थोडा वेळ गप्प राहायचं आणि ज्याला वाटेल त्याने बोलायचं. खानदेशात बसून हे करताना कुठे थांबावं, ते पाहू.

पहिला थांबा: वाटणी

धाकटा बापाला म्हणतो, माझा हिस्सा दे. नव्या कराराचे अभ्यासक केनेथ बेली यांनी मध्यपूर्वेतल्या खेड्यापाड्यांत वर्षानुवर्षं हा प्रश्न लोकांना विचारला. धडधाकट बापाकडे मुलाने असा हिस्सा मागितला तर त्याचा अर्थ काय? लोकांचं उत्तर होतं: बाप मरावा असं त्याला वाटतं. यहुदी नियमशास्त्रात थोरल्याला दुप्पट वाटा असे. म्हणजे दोन भावांत धाकट्याच्या वाट्याला एक तृतीयांश येई.

खानदेशातल्या श्रोत्याला ही मागणी आणखी गुंतागुंतीची वाटते. हिंदू वारसाहक्काच्या मिताक्षरा पद्धतीत वडिलोपार्जित जमिनीत मुलाचा हक्क जन्मापासून असतो, त्यामुळे वाटणी मागणं बेकायदा नाही. भारतीय ख्रिस्ती कुटुंबांना १९२५ चा भारतीय उत्तराधिकार कायदा लागू होतो आणि त्यात असा जन्मसिद्ध वाटा नाही. आदिवासींमध्ये बहुधा जमातीची रूढी चालते. पण कायदा कुठलाही असो, सातबाऱ्यावर नाव चढवण्यावरून अबोला धरलेली घरं गावोगाव आहेत. इथे विचारायचा प्रश्न सरळ आहे: माझ्या हक्काचं मागताना मी कुणाला जिवंतपणी वजा केलं?

दुसरा थांबा: दूर देश

धुळे-जळगावच्या माणसाचा दूर देश बहुतेक वेळा सुरत असतो. उधना-जळगाव लोहमार्ग नवापूर, नंदुरबार, दोंडाईचा, अमळनेर, धरणगाव असा येतो. या मार्गाने गेलेल्या खानदेशी माणसांनी उधना, लिंबायत, डिंडोली हे सुरतेचे भाग भरले आहेत. साक्री, नवापूर, चाळीसगावकडची कुटुंबं दिवाळीनंतर ऊसतोडीला बाहेर पडतात. ही माणसं उधळी नाहीत. शेतात भागत नाही म्हणून ती जातात. दाखला इथल्या माणसाला ऐकवताना हा फरक विसरला, तर घर सोडणाऱ्या प्रत्येकावर पापाचा शिक्का बसतो आणि तो अन्याय होतो.

दाखल्यातल्या मुलावर डुकरं राखायची पाळी येते. त्यांना घातलेल्या शेंगांनी पोट भरावं असं त्याला वाटतं, पण तेवढंही त्याला कुणी देत नाही. त्या शेंगा भूमध्य समुद्राकाठच्या कॅरोब नावाच्या झाडाच्या: तपकिरी, चिवट, किंचित गोड. आपल्याकडे शेळ्यांना बाभळीच्या शेंगा घालतात, तसलंच ते खाणं. इथला प्रश्न: परक्या मुलखात कुणी काही देत नव्हतं, तेव्हा मला घरातलं नेमकं काय आठवलं? धाकट्याला बापाचा चेहरा आठवत नाही, चाकरांना पोटभर मिळणारी भाकर आठवते. पश्चात्ताप भुकेपासून सुरू झाला म्हणून दाखला त्याला कमी लेखत नाही.

तिसरा थांबा: वाट

मुलगा येताना म्हणायची वाक्यं पाठ करत येतो: मी तुमचा मुलगा म्हणवून घ्यायला लायक नाही, मला मोलकरी म्हणून ठेवा. बाप त्याला दुरून पाहतो आणि धावत सुटतो. त्या समाजात वयस्क, प्रतिष्ठित माणसाने धावणं म्हणजे पायघोळ कपडे उचलून चारचौघांत पोटऱ्या दाखवणं. बाप ती अप्रतिष्ठा स्वतः पत्करतो. मुलाची वाक्यं पुरी होत नाहीत. मोलकरी ठेवा, हे शेवटचं वाक्य तोंडातच राहतं. उंची झगा, अंगठी आणि पायांत जोडे येतात. जोडे महत्त्वाचे, कारण अनवाणी चाकर असतो.

इथे बायका एक प्रश्न विचारतात आणि तो विचारलाच पाहिजे: या घरात आई कुठे आहे? दाखल्यात तिचा उल्लेख नाही. खानदेशात तर घरी परतण्याचा सर्वांत मोठा सण लेकींचा आहे. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, सासुरवाशिणी माहेरी येतात, झाडांना झोके बांधतात, गौराईची गाणी म्हणतात. असोद्याच्या बहिणाबाई चौधरींच्या कवितेत हे माहेर भरून आहे. रेम्ब्रां यांनी आयुष्याच्या शेवटी काढलेलं या दाखल्याचं चित्र सेंट पीटर्सबर्गच्या हर्मिटाज संग्रहालयात आहे. त्यात मुलाच्या पाठीवर ठेवलेले बापाचे दोन हात सारखे नाहीत: एक रुंद आणि राकट, दुसरा नाजूक. ख्रिस्ती लेखक हेन्री नाउवेन यांनी १९९२ च्या आपल्या पुस्तकात त्यांत बापाचा आणि आईचा हात पाहिला. लेकीला आखाजीला न्यायला निघालेल्या घरानेही हा दाखला वाचावा.

चौथा थांबा: दाराबाहेर

दाखल्याचा खरा पेच इथे आहे. थोरला शेतातून येतो, गाणं-बजावणं ऐकतो, चाकराला विचारतो आणि रागाने आत जायचं नाकारतो. बाप त्याच्यासाठीही बाहेर येतो. म्हणजे बाप एका दिवसात दोन मुलांसाठी दोनदा घराबाहेर पडला. थोरला म्हणतो, हा तुमचा मुलगा आला. बाप म्हणतो, हा तुझा भाऊ. अहिराणीत म्हणून पाहा: ‘हाऊ तुना आंडोर’ म्हणणाऱ्याला उत्तर मिळतं, ‘हाऊ तुना भाऊ’. थोरल्याने तोडलेलं नातं बाप एवढ्या शब्दांत जोडून देतो. ग्रियर्सन यांना हवी असलेली सगळी सर्वनामं इथे एका अंगणात भेटतात.

थोरल्याचं म्हणणं खोटं नाही. तो राबला आहे. बाहेर गेलेल्या भावाचं कौतुक होतं आणि घरी राहून म्हाताऱ्या आईबापांचं करणाऱ्याला कुणी विचारत नाही, ही तक्रार खानदेशातल्या कितीतरी घरांत आहे. दाखला तिला खोडून काढत नाही. जे माझं ते सगळं तुझंच आहे, असं बाप त्याला सांगतो. मग गोष्ट थांबते. थोरला आत गेला की नाही, हे लूक सांगत नाही. येशूने ही गोष्ट पापी लोकांबरोबर जेवतो म्हणून कुरकुर करणाऱ्या परूशी आणि शास्त्री लोकांपुढे सांगितली होती. उत्तर त्यांनी द्यायचं होतं.

खानदेशातल्या श्रोत्यांना हा शेवट दाखवायला दूर जावं लागत नाही. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई देवी बसते. नारळाची कानबाई चौरंगावर सजते, रात्र जागवली जाते आणि सोमवारी वाजतगाजत विसर्जन होतं. या सणाचं मुख्य अंग म्हणजे रोट. घराघराची रीत थोडी वेगळी असते, पण अनेक ठिकाणी घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावाने सव्वा मापाने धान्य घेऊन दळलं जातं. पुरणाच्या पोळ्या, खीर, गंगाफळाची भाजी असा स्वयंपाक होतो आणि भाऊबंद एकत्र बसून रोट खातात. सुरतेहून, पुण्याहून माणसं त्यासाठी गावी येतात. एकमेकांशी न बोलणाऱ्या भावांनाही रोटांच्या दिवशी एका पंगतीला बसावं लागतं. दाखल्यातला थोरला ज्या पंगतीच्या दाराशी अडला, ती पंगत खानदेशी माणसाने पाहिलेली आहे. मापात नाव धरलं म्हणजे माणूस घरचाच राहिला, हे रोटाचं धान्य मोजणारी घरं जाणतात आणि दाखल्यातला बापही तेच म्हणतो.

आता करायचं काय

परतून येणाऱ्याला हिंमत लागते, हे खरं. पण त्याचं परतणं पुरं होतं ते घरी राहिलेल्यांच्या हातून. मराठी ख्रिस्ती समाजाला हे स्वतःच्या इतिहासातून माहीत आहे. बाप्तिस्मा घेतल्यावर घर तुटलेल्या माणसांच्या हकिकतींनी तो इतिहास भरलेला आहे. टिळकांचं धर्मांतर आणि त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंचा १९०० मधला बाप्तिस्मा यांच्या मधल्या वर्षांत त्या घराने काय सोसलं, आणि दोघांचा संसार पुन्हा कसा जुळला, ते ‘स्मृतिचित्रे’ या आत्मचरित्रात लक्ष्मीबाईंनी सांगून ठेवलं आहे. कुणाला परत घ्यायचं, कुणाकडे आपण जायचं, हे प्रश्न तेव्हाही देवळातल्यापेक्षा माजघरातले होते.

म्हणून ही प्रार्थना खानदेशाने आपल्या बोलीत करावी. पाहणीच्या खंडांतले खानदेशी आणि भिली नमुने आज संगणकावर कुणालाही वाचता येतात. जळगावचं कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ, धुळ्या-नंदुरबारची महाविद्यालयं आणि या भागातल्या मंडळ्या यांनी मिळून ते नमुने आजच्या अहिराणी आणि मावची, पावरी या भिली बोली बोलणाऱ्यांपुढे वाचावेत. काय बदललं, काय टिकलं, ते त्यांनाच विचारावं आणि त्यांच्या तोंडून दाखला नव्याने लिहून घ्यावा. भाषेच्या अभ्यासकाला त्यातून सव्वाशे वर्षांच्या बदलाचा आलेख मिळेल. प्रार्थनेला बसणाऱ्याला बापाचं बोलणं आपल्या घरच्या शब्दांत ऐकू येईल. शेवटचा थांबा वाचून झाला की वाचणाऱ्याने पुस्तक मिटू नये. थोरला आत गेला का, असं गोलात बसलेल्या प्रत्येकाला नाव घेऊन विचारावं. ज्याचा भावाशी अबोला आहे त्याने उत्तर तिथे दिलं नाही तरी चालेल. त्याने ते घरी जाऊन भावाला द्यावं.